काय नाय झालं, ऊठ!

पावणेसात वाजलेत. दादरच्या शिवाजी पार्कवर ऊन अजून पर्जन्यवृक्षांच्या शेंड्यांवरच आहे, पण मैदान केव्हाच भरलंय. मे महिना, शाळेला सुट्टी आणि दर पन्नास पावलांवर एक शिबिर. इकडे नेट, तिकडे नेट, मधे शंकू मांडून नागमोडी पळणारी पोरं, पलीकडच्या कोपऱ्यात फुटबॉल, त्याच्या पुढे मल्लखांब. कट्ट्याच्या कडेनं सकाळचे चालणारे फेऱ्या मारतायत. रात्री पाणी मारलेली लाल माती अजून दबून आहे. नऊनंतर हीच नाकातोंडात जाणार.

मी कट्ट्यावर बसले आहे. भाचीचं क्रिकेट शिबिर आहे आणि तिच्या आईला ऑफिस. माझ्यासारखे आणखी बरेच. निम्मे आजी-आजोबा, दोन-तीन आया, आणि एक बाबा, जो कानाला फोन लावून मीटिंगमध्येही आहे आणि इथंही. चाळीसेक मुलं असतील, आठ ते चौदा वर्षांची. त्यांच्यावर एक सर आणि दोन मदतनीस. मदतनीस म्हणजे कॉलेजातली पोरं, अजून दाढी नीट न फुटलेली. सर तिशीच्या आतबाहेरचे, आवाज बसलेला, गळ्यात शिट्टी. फेऱ्या मारायला सांगितल्यावर मागची चार पोरं झाडाआड थांबून पुढच्या फेरीत सामील होतायत, हे सरांना दिसतंय. ते बघून न बघितल्यासारखं करतात. मला माणूस आवडतो.

आता हेल्मेटची रांग लागते. हा शिबिराचा रोजचा कार्यक्रम आहे. प्रत्येक मुलगा हेल्मेट घालून समोर उभा राहतो. सर हनुवटीखालचा पट्टा ओढून बघतात, मग हातातला चेंडू हेल्मेटची पुढची कड आणि जाळी यांच्यामधल्या फटीत दाबतात. चेंडू आत गेला तर हेल्मेट नापास. एका छोट्याच्या हेल्मेटमध्ये चेंडू सरळ नाकापर्यंत जातो.

"हे तुझं आहे?"

"दादाचं."

"दादाच्या डोक्यावर घाल मग. आज तू टेनिस बॉलवर."

छोट्याचा चेहरा पडतो. त्याचे आजोबा कट्ट्यावरून उठून तरातरा जातात. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, एकेकाळी स्वतः खेळलेले असावेत. "अहो सर, आमच्या वेळी कुठली आली हेल्मेटं? उघड्या डोक्यानं खेळलो आम्ही." सर हसतात, काही बोलत नाहीत. माझ्या शेजारी बसलेले दुसरे आजोबा मात्र तिथूनच आवाज देतात, "नरी काँट्रॅक्टरही उघड्या डोक्यानंच खेळला होता!"

हे आजोबांना लागू पडतं, कारण त्या पिढीला ती गोष्ट पाठ आहे. १९६२ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात, बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताच्या कप्तानाच्या डोक्याला लागला आणि कवटी फुटली. रक्त द्यायला प्रतिस्पर्धी कप्तान फ्रँक वॉरेल पुढे आला, आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर होतेच. काँट्रॅक्टर वाचला, पण पुन्हा कसोटी खेळला नाही. आमच्या वेळी नव्हतं, हे म्हणणाऱ्यांना आमच्या वेळी कोण कोण आडवं झालं तेही आठवायला हवं. आजोबा परत येऊन बसतात. थोड्या वेळानं विचारतात, "नवीन केवढ्याला पडतं हो?"

रांगेत एका मुलाच्या हेल्मेटला मागच्या बाजूला मानेवर येणारं जास्तीचं कवच लावलेलं आहे. बाकीची पोरं त्याला "अंतराळवीर" म्हणून चिडवतात. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सिडनीला फलंदाज फिलिप ह्यूजच्या मानेवर, हेल्मेटच्या खाली उघड्या राहिलेल्या जागी चेंडू बसला आणि दोन दिवसांनी तो गेला. त्यानंतर हे कवच आलं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून ऑस्ट्रेलियानं वेगवान गोलंदाजीसमोर खेळणाऱ्या आपल्या खेळाडूंना ते सक्तीचं केलं. इथं चाळीस मुलांत ते एकाकडे आहे, आणि त्याला त्याची लाज वाटतेय.

लाजेचा खरा प्रश्न जांघेतल्या गार्डचा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर "गार्ड घातलंय का?" विचारलं की तो मान हलवतो, घातलं असलं तरी, नसलं तरी. सरांनी त्यावर उपाय काढलाय. ते विचारतच नाहीत. नेटमध्ये शिरण्याआधी मुलानं आपल्याच मुठीनं बाहेरून ठोकून आवाज ऐकवायचा. टक् झालं की आत. पोरांना यात भलतीच गंमत वाटते आणि लाज कुठल्या कुठे जाते. भाचीच्या नेटमध्ये चार मुली आहेत. त्यांचं सामान त्यांच्या त्या बघून घेतात, सर तिकडे ढवळाढवळ करत नाहीत. पण फलंदाजापुरता बंदोबस्त झाला तरी गोलंदाजाचं काय? पुण्यात लोहगावला २०२४ च्या मे महिन्यात अकरा वर्षांचा मुलगा गोलंदाजी करत होता. समोरून परत आलेला चेंडू त्याच्या जांघेत लागला. मुलगा गेला. म्हणून इथं लहान मुलांना फलंदाजाच्या समोरून, जवळून चेंडू टाकू देत नाहीत. फलंदाजाला मदतनीस चेंडू टाकतो, तोही नेटच्या आडून.

चेंडूंची पिशवी रिकामी होते तेव्हा माझं लक्ष जातं. लाल चेंडू एकाच मापाचे नसतात हे किती पालकांना माहीत असतं कोण जाणे. मोठ्या पुरुषांचा चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठीचा १३३ ते १४४. हातात घेतले तर फरक जाणवेल न जाणवेल, पण बोटावर बसला की जाणवतो. पिशवीत दोन्ही मिसळलेत. मदतनीस हाताला लागेल तो उचलतो. सर लांबून ओरडतात, "छोटा, छोटा घे रे!" आणि तो पिशवीत हात घालून चाचपत बसतो. वेगवेगळ्या पिशव्या ठेवल्या तर भागेल, पण ते उद्यावर जातं.

तेवढ्यात कुठून तरी आरोळी येते. "बॉऽऽऽल!"

मैदानावरचे सगळे एकदम वर बघतात. मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या माणसाचं हे सवयीचं भय आहे. शिवाजी पार्क काय, आझाद मैदान काय, एका मॅचचा पॉइंट दुसऱ्या मॅचच्या मिडविकेटला पाठ लावून उभा असतो. तिसऱ्याच मॅचमधला षटकार या दोघांतल्या कोणाच्याही डोक्यावर पडू शकतो. २०२४ च्या जानेवारीत माटुंग्याच्या दडकर मैदानावर हेच झालं. क्षेत्ररक्षण करणारे बावन्न वर्षांचे गृहस्थ शेजारच्या सामन्यातला चेंडू डोक्यात बसून गेले. ते खेळत होते एका सामन्यात, चेंडू आला दुसऱ्याच सामन्यातून.

आत्ताचा चेंडू कट्ट्याला लागून थांबतो. पण सर शिट्टी वाजवून सगळ्यांना गोळा करतात.

"आवाज आला की काय करायचं?"

"वर बघायचं!" पोरं एका सुरात.

"चूक. वर बघितलं तर कुठे लागेल? थोबाडावर. आवाज आला की हात डोक्यावर, कोपरं पुढे, खाली वाक. बघायचं नंतर. बॉऽऽऽल!"

चाळीस पोरं एकदम वाकतात. दोन-तीन एकमेकांवर आपटतात, हशा पिकतो. "परत! बॉऽऽऽल!" चालणाऱ्यांपैकी एक काकू दचकून डोक्यावर पर्स धरतात. पाच मिनिटांचा हा खेळ मला या सगळ्या सकाळीत सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो पोरांना खेळच वाटतो.

फुटबॉलच्या कोपऱ्यात एक गोष्ट मला बघवत नाही. तिथे उचलून नेता येणारा लोखंडी गोल आहे, आणि त्याच्या आडव्या दांड्याला दोन पोरं लोंबकळून झोके घेतायत. दर झोक्याला गोलाचे मागचे पाय जमिनीपासून वीतभर उचलले जातात. असा मोकळा गोल पुढच्या बाजूला कलंडून मुलं दगावल्याची उदाहरणं जगभर आहेत; म्हणून तो मागून खिळे ठोकून किंवा वाळूची पोती टाकून जखडायचा असतो. मी उठून जाते. पोरांना "उतरा" म्हटलं तर ती माझ्याकडे बघून आणखी जोरात झुलतात. शेवटी माळी येतो. मैदानावरचा माळी म्हणजे खेळपट्टीचा बाप. त्याच्या हातातली पाण्याची नळी बघून दोघंही टपाटप उड्या मारतात. तो काही न बोलता खेळपट्टीवर टाकायच्या मातीची दोन पोती गोलाच्या मागच्या दांड्यावर आणून ठेवतो आणि परत पाणी मारायला जातो. तो ना फुटबॉलचा माणूस, ना शिबिराचा.

तिथूनच मी मल्लखांबाकडे वळते. शिवाजी पार्कच्या कडेला समर्थ व्यायाम मंदिर आहे. इथं मल्लखांब शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. पेशव्यांच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांपासून सांगितली जाणारी ही विद्या. पण मला आज इतिहास बघायचा नाही. मला बघायचंय ते मुलं पडतात कशी.

एरंडेल लावून गुळगुळीत केलेला लाकडी खांब, माणसाच्या डोक्याहून बराच उंच. खाली गाद्या. खांबापाशी एक ताई उभी आहे, वीस-बावीसची. सात-आठ वर्षांची एक मुलगी अढी मारून उलटी लटकते, हात सोडते. ताईचा एक हात मुलीच्या पाठीखाली आहे, पाठीला न टेकता. हात लावण्याआधी ती प्रत्येक वेळी म्हणते, "पाठीला धरते हं." मुलीचा तोल जातो, तेव्हाच तो हात टेकतो, आणि मुलगी गादीवर पाय टेकून उभी राहते. "आता मुद्दाम पड," ताई म्हणते. मुलगी पडते. हनुवटी छातीला, अंग गोल, हात न टेकता लोळण. "परत." परत पडते. पडणं इथं शिकवलेल्या गोष्टींपैकी एक आहे. सलामी, अढी, दसरंग यांच्याच पंगतीत बसलेलं. पालक आत बसलेत, सगळं सगळ्यांच्या नजरेसमोर चाललंय. मुलांच्या अंगाला हात लावूनच शिकवायचा हा खेळ, त्यामुळे हात सांगून लावायचा आणि उघड्यावर लावायचा, एवढी रीत त्यांनी पाळलेली दिसते. क्रिकेटवाल्यांनी या कोपऱ्यात येऊन एक दिवस बसावं.

साडेआठ. ऊन आता मैदानात उतरलंय. मुंबईचं मे महिन्यातलं ऊन नागपूरसारखं भाजत नाही, वाफवतं. हवेत एवढी ओल की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. मुलांना मोठ्यांपेक्षा घाम कमी येतो आणि खेळाच्या नादात तहान कळत नाही. शिबिराचा पाण्याचा थांबा नऊला आहे. भाची साडेआठलाच लालबुंद. मी कट्ट्यावरून बाटली दाखवते, ती मानेनंच नाही म्हणते. रांगेतला नंबर जाईल. हा खरा पेच आहे. पाणी प्यायला गेलं की नंबर जातो, म्हणून पोरं पाणी पीत नाहीत. शेजारच्या आजी शेवटी सरांना हाक मारून सांगतात, आणि सर तिथल्या तिथे नियम बदलतात, "पाण्याला गेला त्याचा नंबर राखून ठेवायचा. जो ढापेल तो शेवटी." एका मिनिटात सगळ्या बाटल्या उघडतात.

याच थांब्यात एक मुलगा उजव्या हाताचं मधलं बोट धरून येतो. झेल घेताना चेंडू बोटाच्या टोकावर बसलाय. मदतनीस सराईतपणे म्हणतो, "काय नाय झालं, दाखव." आणि बोट धरून ओढायला लागतो. मैदानावरचा हा पिढीजात उपचार. बोट बसलं की ओढा, कटकन आवाज आला की बरं झालं. लहान मुलाच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा पट्टा असतो, हाड तिथूनच वाढतं. मार बसतो नेमका तिथं, आणि आपण तोच पट्टा ओढतो. मुरगळलंय की मोडलंय हे बाहेरून कळत नाही. बर्फ लावायचा, शेजारच्या बोटाला बांधून ठेवायचं आणि सूज असेल तर त्याच दिवशी एक्स-रे. एवढंच खरं तर करण्यासारखं. मुलगा किंचाळतो, मदतनीस घाबरून सोडतो. मीटिंगमधले बाबा फोन म्यूट करून उठतात. ते दातांचे डॉक्टर निघतात. बोट बघून ते म्हणतात, "आज खेळणं बंद, फोटो काढून घ्या." मग आमच्याकडे वळून आपल्या विषयावर येतात. पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता उचला, घासू नका, गार दुधात टाका आणि तासाभराच्या आत आमच्याकडे या, बऱ्याचदा परत बसतो. दुधाचा दात असेल तर मात्र बसवत नाहीत. "लोक रुमालात गुंडाळून दुसऱ्या दिवशी आणतात हो," ते म्हणतात आणि परत मीटिंगमध्ये जातात.

नऊ वाजून गेलेत. कडेच्या दोन नेटमध्ये जोरात फलंदाजी चाललीय. आपली पाळी येईपर्यंत पोरं नेटच्या मागे रांगेत उभी आहेत. पाळी नाही, म्हणून हेल्मेट काखेत. रोजचंच दृश्य. शेजारच्या नेटमधल्या थोराड मुलाचा पुल नेटच्या फाटक्या भागातून बाहेर येतो आणि रांगेतल्या एकाच्या कानाच्या वर बसतो. आवाज मला कट्ट्यापर्यंत ऐकू येतो.

मुलगा खाली बसतो. अकरा-बारा वर्षांचा, निळी टोपी, चष्मा.

सर धावत येतात. आणि हेल्मेटच्या फटीत चेंडू घालून बघणारे, पोरांना वाकायला शिकवणारे, पाण्याचा नियम एका मिनिटात बदलणारे हेच सर काय म्हणतात? मुलाकडे नीट बघायच्या आधी, पाठीवर थाप मारत म्हणतात, "काय नाय झालं, ऊठ! वाघ आहेस ना?"

मुलगा उठतो. सगळे टाळ्या वाजवतात. तो हसतोसुद्धा. सर त्याच्या डोक्याला हात लावून बघतात. रक्त नाही, टेंगूळ येतंय. "बस पाच मिनिटं. मग बॅटिंग."

सकाळपासून हे वाक्य सगळीकडून ऐकू येतंय. फुटबॉलमध्ये गुडघा फुटला, "काय नाय झालं." बोट सुजलं, "काय नाय झालं." आपण ते धीर द्यायला म्हणतो हे खरं. पण ते मुलाला उद्देशून असलं तरी त्यातला हुकूम असा असतो की, आता तुला काही झालेलं नाही, तू तसं सांगू नकोस. मुलगा ते पाळतो. सरांना आवडावं म्हणून, रांगेतला नंबर जाऊ नये म्हणून, रडका ठरू नये म्हणून.

निळी टोपी कट्ट्याजवळ सावलीत येऊन बसते. माळी तिथेच नळी गुंडाळतोय. मुलगा त्याला विचारतो, "काका, माझी बॅटिंग झाली?"

"नाय. बस."

थोड्या वेळानं परत, "काका, माझी बॅटिंग झाली का?"

माळी नळी खाली ठेवतो. "आज वार कोणता रे?"

मुलगा विचारात पडतो. हसतो. मग परत, "माझी बॅटिंग झाली?"

माळी सरांना हाक मारतो, मोठ्यानं, एकेरीत. "इकडं ये. हा एकच इचारतोय."

सर येतात, उकिडवे बसतात. कोणी मारलं, शिबिरात कोणाबरोबर आलास, नाश्त्याला काय खाल्लंस. मुलगा अर्ध्याच गोष्टी सांगतो. सरांच्या तोंडावरचा रंग उतरताना मला दिसतो. ते बॅट बाजूला ठेवतात, मुलाची टोपी काढतात, आणि मदतनिसाला म्हणतात, "ह्याला आज खेळायचं नाही. हलवू नकोस. एकटा सोडू नकोस." डोक्याला मार लागल्यावर तेच तेच विचारणं, गोंधळणं, वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, नको त्या वेळी येणारी झोप, झटका: यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघायची नसते, रुग्णालय गाठायचं असतं. बेशुद्ध पडला नाही म्हणजे काही झालं नाही, हा आपला पक्का समज. मेंदूला हादरा बसलेली बरीचशी माणसं शुद्धीतच असतात. स्कॅन स्वच्छ आला तरी हादरा बसलेला असू शकतो.

आणि तो लगेच दिसतोच असं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. स्मिथ बाहेर गेला, डॉक्टरांनी तपासलं, परत येऊन त्यानं फलंदाजीही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्रास जाणवू लागला आणि तो सामन्यातून बाहेर पडला. त्याच्या जागी लाबुशेन आला. डोक्याला मार बसलेल्याच्या जागी बदली खेळाडू घेण्याचा आयसीसीचा नियम नुकताच लागू झाला होता, म्हणून संघाचंही अडलं नाही. लॉर्ड्सवर डॉक्टर होते. इथं माळी आहे.

मुलाच्या आजी कट्ट्यावरच आहेत, इतका वेळ त्यांना हा आपला नातू आहे हेच कळलेलं नाही. त्या येऊन त्याचं डोकं मांडीवर घेतात. "तेल लावू का जरा?" "नको आजी, काही लावू नका. बोलत राहा त्याच्याशी." सर वडिलांना फोन लावतात, स्पीकरवर. पलीकडून पहिला प्रश्न येतो, "शनिवारच्या मॅचपर्यंत बरा होईल ना?" सर क्षणभर गप्प. मग सरळ आवाजात म्हणतात, "शनिवारची मॅच विसरा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तो बॅटला हात लावणार नाही. आधी अभ्यास, वाचन नीट जमू दे, मग धावणं, मग बाकीचं. तुम्ही थेट रुग्णालयात या." टॅक्सी मिळते. सर स्वतः आजींबरोबर जातात. मैदान दोन पोरसवदा मदतनिसांवर आलंय.

बाकीची पोरं हिरमुसून नेटभोवती उभी राहतात. आता रांगेतल्या सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेटं आहेत, कोणीही न सांगता. मदतनीस फाटक्या नेटला दोरीनं गाठी मारतोय. पांढऱ्या टोपीतले आजोबा, सकाळचे तेच, आता स्वतःहून बोलतात. "रमण लांबा आठवतो? ढाक्यात, ९८ साली. ओव्हरचे तीनच बॉल उरलेत म्हणून शॉर्ट लेगला हेल्मेट घेतलं नाही म्हणतात, आणि चेंडू डोक्याला लागून गेला. तीन बॉल." कोणी काही उत्तर देत नाही. छोटा नातू टेनिस बॉलवर खेळतोय, खूश दिसतोय. शॉर्ट लेगवरून आठवलं. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाच्या नियमात तेरा वर्षांखालच्या मुलाला, ऑफ बाजूला यष्टींमागची जागा सोडली तर, फलंदाजाच्या मधल्या स्टंपपासून अकरा यार्डांच्या आत उभं करता येत नाही. आपल्याकडे "जवळ ये, घाबरतोस काय" हे शौर्याचं लक्षण.

शिबिर सुटतं तेव्हा दहा वाजलेत. भाची कीट ओढत येते. पॅड काढताना गुडघ्याच्या खाली लाल ठसा दिसतो.

"हे कधी लागलं?"

"काही नाही झालं," ती म्हणते.

तिला हे कोणी शिकवलं, ते विचारायची गरज नाही. मी पाय बघते, दाबून बघते, खरंच फारसं काही नाही. तरी तिला म्हणते की पुढच्या वेळी बघणाऱ्यालाच ठरवू दे, तू फक्त सांगायचं. ती डोळे फिरवते आणि बर्फाचा गोळा मागते. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर सरांचा निरोप येतो. मुलगा ठीक आहे, रात्रभर देखरेखीखाली ठेवलाय. उद्यापासून रांगेत उभं राहणाऱ्यानंही हेल्मेट घालायचं. चेंडूंच्या दोन पिशव्या होतील. डोक्याला लागलेला मुलगा त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, पालकांनी आग्रह धरू नये. खाली अंगठ्यांची रांग लागते. एक वडील विचारतात की बुडालेल्या वेळेचे पैसे वळते होतील का.

पुढच्या सुट्टीत शिबिराची फी भरायला जाल तेव्हा ग्राउंड कोणतं, कोच कुठून खेळलाय, सर्टिफिकेट मिळेल का, हे विचारालच. त्याबरोबर एवढंही विचारा: मुलाला लागलं तर त्याच्याकडे पहिल्यांदा बघतं कोण, आणि ते माणूस त्या दिवशी मैदानावर असतं का? उत्तर द्यायला समोरचा अडखळला, तर पैसे खिशातच राहू द्या.